आमच्या ग्रामीण वाङ्मयांतील दूधवाला

टीकाकाराच्या कामाला आपल्याकडे 'नीरक्षीरविवेक' असें एक भारदस्त नांव आहे. हंसानें दूध घ्यावें आणि पाणी सोडावें, त्याप्रमाणें टीकाकारानें ग्रंथांतील सार घ्यावें आणि असार टाकावें, ही कल्पना संस्कृतांतून आपल्याकडे आली आणि पुस्तकपरीक्षणांच्या मथळ्यांवर कायमची जाऊन बसली. प्रस्तुत लेखकानेंही पंचवीस वर्षें अध्यापनाचें आणि अधूनमधून परीक्षणाचें काम करतांना ती अनेकदां वापरली आहे. परंतु ज्याच्या दुधांत पाणी आहे कीं नाहीं याची रोज सकाळीं खरोखरच झडती होते, त्या माणसाला आपल्या वाङ्मयांत कितीशी जागा मिळाली आहे, हा प्रश्न मला कधीं पडला नव्हता. तो एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेनें पाडला. आणि तोही ती तपासून, गुण देऊन, परत केल्यावर.

विद्यार्थी जिवती तालुक्यांतला. हें नांव अनेक वाचकांस अपरिचित असेल, म्हणून त्या मुलुखाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण अंगास माणिकगडचा पहाड आहे, त्यावर हा तालुका वसला आहे. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. तेथून तो नांदेड जिल्ह्याकडे आणि १९५९ मध्यें चांदा जिल्ह्याकडे आला. गोंड आणि कोलाम हे येथले जुने रहिवासी. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यांतून पुष्कळ कुटुंबें येथें येऊन स्थिरावलीं. बंजाऱ्यांचे तांडे वसले. सीमेवरील चौदा गांवांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांचा दावा आहे. पायाखालची जमीन महसूल खात्याची कीं वन खात्याची, हा तिढाही जुनाच. कापूस, सोयाबीन आणि तूर हीं पिकें बहुतेक पावसावर येतात, आणि उन्हाळ्यांत पहाडावर पिण्याच्या पाण्याचीही ओढ लागते.

परीक्षेंतला प्रश्न 'ग्रामीण कादंबरींतील शेतकऱ्याचें वास्तव' असा होता. विद्यार्थ्यानें पहिलीं दोन पानें आनंद यादवांच्या 'गोतावळा'वर लिहिलीं होतीं. तीं नेमस्त होतीं आणि पुस्तकी होतीं. तिसऱ्या पानावर तो एकाएकीं आपल्या वडिलांकडे वळला. वडील पहांटे चारला उठून घरच्या दोन म्हशींच्या धारा काढतात. मग आजूबाजूच्या दहाबारा घरांचें दूध गोळा करतात, मोटारसायकलच्या दोन्ही अंगांस कॅन बांधतात आणि घाट उतरून गडचांदुराकडे जातात. तेथें सिमेंटच्या कारखान्यांमुळें वसाहती वाढल्या आहेत. कांहीं घरीं रतीब, कांहीं हॉटेलांत. परतायला अकरा वाजतात, आणि मग शेताचें काम सुरू होतें. यापुढें आंकडे होते: कोणत्या घराचें किती लिटर, म्हैस घेण्यासाठीं कोणाला किती उचल दिलेली, ढेपेच्या पोत्याला काय पडलें, वैशाखांत कितीदां दूध नासलें आणि तें नुकसान कोणाच्या खात्यावर गेलें. पानभर हिशेब. मीं समासांत तांबड्या शाईनें 'विषयांतर. साहित्यावर लिहा' असा शेरा मारला आणि दहांपैकीं पांच गुण दिले.

हा शेरा चुकीचा होता असें आतां मला वाटतें. विद्यार्थी विषय सोडून गेला नव्हता. आमच्या कादंबरीनें जो विषय सोडला, त्याकडे तो बोट दाखवीत होता.

आमच्या शेतकरी-वाङ्मयाचा आरंभ मोठ्या हिशेबी माणसानें केला आहे. जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्यें लिहिला. त्यांत कळवळा आहे, संताप आहे. पण त्या संतापाखालीं सारा, लोकलफंड, पाटाचें पाणी आणि कर्ज यांची रोखठोक मांडणी आहे. जंगलखात्यानें डोंगर आणि गायरानें गिळलीं म्हणजे गरिबाच्या गुराढोरांचें काय होतें, हें त्यांनीं ज्या तपशिलानें सांगितलें तो तपशील आजही जिवतीच्या पहाडावर कोणालाही समजावा लागणार नाहीं. पुढें १८८८ मध्यें कृष्णराव भालेकरांचा 'बळीबा पाटील' आला, आणि मराठी कादंबरीनें शेतकऱ्याच्या अंगणांत पाऊल टाकलें. त्यानंतर शतकभरांत या वाङ्मयानें जें कमावलें तें थोडें नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ंत (१९५५) दुष्काळानें एक अख्खी वाडी उठते, आणि लेखक एकदांही आवाज चढवीत नाहीं. 'गोतावळा' (१९७१) मधील नारबाचें सारें गणगोत म्हणजे मळ्यावरचीं जनावरें. मालक ट्रॅक्टर आणतो आणि तें गणगोत एकेक करून नाहींसें होतें. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्यें (२००२) शिकलेला शेतकरीपुत्र शिक्षण आणि शेती या दोहोंकडून नाडला जातो. या कादंबऱ्या मीं शिकविल्या आहेत आणि पुन्हां शिकवीन.

परंतु त्या एका ओळींत ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. हें सारें पिकाचें आणि पावसाचें वाङ्मय आहे. जनावर त्यांत आहे, पण तें सोबती म्हणून किंवा शेतीचें बळ म्हणून. बैलावर आमच्या लेखकांचा जीव आहे; तो असायलाच हवा, कारण पोळ्याचा सणच बैलाचा. वसुबारशीला गाय आणि वासरूं पुजलें जातें, कोल्हापुराकडे दिवाळींत म्हशी सजवून मिरवितात, आमच्या विदर्भांत बलिप्रतिपदेला गोवारी गायगोधनाचीं गाणीं गातात. म्हणजे पूजा आहे, प्रेम आहे. मात्र त्या जनावराचें दूध निघाल्यावर तें कोठें जातें, कोण नेतें, काय भावानें विकतें आणि सायंकाळीं घरीं काय घेऊन येतें, हा प्रश्न कादंबरीच्या मध्यभागीं आलेला माझ्या वाचनांत नाहीं. दूधवाला दारांतून डोकावतो आणि पुढें जातो. शहरी विनोदी लेखनांत तर तो केवळ पाणी घालणारा म्हणूनच येतो. उन्हाळ्यांत जेथें पिण्याच्या पाण्यासाठीं पायपीट करावी लागते, तेथल्या माणसावर हा विनोद कसा बसतो, याचा विचार आपण केलेला नाहीं.

हें विस्मरण लेखकांच्या सहानुभूतीच्या अभावामुळें झालें असें मी मानीत नाहीं. त्याचें कारण कथेच्या घडणींत आहे. पीक हें स्वभावतःच कथानक आहे. मृगाची वाट पाहणें, पेरणी, आशा, हस्ताचा दगा किंवा गारपीट, कर्ज आणि विनाश: आरंभ, उत्कर्ष आणि शेवट हे तिन्ही निसर्गानेंच आंखून दिले आहेत. दुधाला नक्षत्र नसतें. त्याला सकाळ असते आणि सायंकाळ असते. घरांत मयत झालें तरी म्हैस वेळेवर पान्हा सोडते आणि कोणाला तरी धार काढावीच लागते. यांत कळस नाहीं, पडदा पाडायला जागा नाहीं. आहे ती नुसती पुनरावृत्ति. आमच्या कादंबरीला पुनरावृत्तीचें सौंदर्य आणि तिचा शीण हे दोन्ही कसे सांगावे हें अजून पुरतें साधलेलें नाहीं, म्हणून तिनें पीक घेतलें आणि दूध सोडलें.

भाषाही हा भेद बोलून दाखविते. पश्चिम महाराष्ट्रांत १९६३ मध्यें स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या 'गोकुळ'सारख्या संघांनीं घरोघर दूध पोंचविण्याची संवय लाविली. तेथें दर दहा दिवसांनीं मिळणाऱ्या पैशाला शेतकरी 'दुधाचा पगार' म्हणतो. कापसाचा किंवा उसाचा पैसा त्याच्या तोंडीं कधीं पगार होत नाहीं. हा एक शब्द नीट ऐकला तरी कळतें कीं, शेतकऱ्याच्या मनांत कालाची आणि पैशाची एक नवी कल्पना शिरली आहे, आणि घरांतल्या बाईच्या हातीं नेमानें थोडी रोकड येऊं लागली आहे. विदर्भांत ही घडी उशिरां बसत आहे. विदर्भ-मराठवाड्यासाठीं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साह्यानें स्वतंत्र प्रकल्प सुरू झाला तोच २०१६ मध्यें. जेथें संघाची गाडी वळत नाहीं, तेथें हें सारें काम मोटारसायकलीवरचा एक माणूस करतो.

आतां कोणी म्हणेल कीं, दूध वाहणारा आपल्या वाङ्मयांत चारशें वर्षांपासून आहे. एकनाथांच्या गौळणी काय आहेत? आक्षेप बिनतोड आहे असें प्रथम वाटतें. डोक्यावर दुधादह्याचे माठ घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेली गवळण ही मराठी कवितेंतील अतिशय लाडकी व्यक्ति आहे. तमाशांत तर गणामागून तीच येते. कृष्ण आणि पेंद्या तिची वाट अडवितात, तिच्याकडे दाण मागतात. पण शतकानुशतकें ती वाटेवरच आहे. तिचा माठ फुटतो, तिचें भान हरपतें, तिला भक्ति साधते. बाजार साधत नाहीं. अध्यात्माच्या दृष्टीनें हेंच योग्य. मात्र माठ फुटल्यावर घरीं सासू काय म्हणाली एवढ्यावर न थांबतां त्या दिवशीं घरांत मीठ कशाचें आलें, हें विचारण्याचें काम गौळणीचें नव्हे. तें कादंबरीचें होतें. आणि रूपक वाटेवर रमत असतां खऱ्या गोपाळांचें काय झालें, हें २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं नागपुरानें पाहिलें. परंपरेनें गांवचीं गुरें राखणारे गोवारी विधिमंडळावर मोर्चा घेऊन आले होते. चेंगराचेंगरींत त्यांतले ११४ जण मेले. गोपाळकाल्याचें कीर्तन ऐकून डोळे पुसणाऱ्या आम्हां लोकांना त्या समाजाचें नांवही त्या दिवशींच प्रथम नीट ऐकूं आलें.

मग दुधावर मोठें वाङ्मय होऊंच शकत नाहीं काय? इंग्रजीच्या वाचकाला 'टेस' आठवेल. टॉमस हार्डीची ही कादंबरी १८९१ ची. तींत टेस आणि एंजल क्लेअर पावसांतून गाडी हांकीत गवळीवाड्याचें दूध रेल्वेच्या लहानशा स्थानकावर पोंचवितात. कंदिलाच्या उजेडांत दूध आगगाडींत चढतें. टेसच्या मनांत येतें, उद्यां सकाळीं लंडनांतले लोक हें दूध पितील. त्यांनीं आम्हांला पाहिलेलें नाहीं, कदाचित् गायही पाहिलेली नसेल, आणि दोन माणसें या पावसांतून इतक्या लांब आलीं हें त्यांना कधींच कळणार नाहीं. याच परतीच्या वाटेवर ती त्याला विवाहाचें वचन देऊन बसते आणि तिच्या शोकान्तिकेचें दार उघडतें. हार्डीला दूध वाहणें हें कथेबाहेरचें वाटलें नाहीं. एकमेकांस न ओळखणाऱ्या दोन जगांना तोच एक धागा रोज जोडतो हें त्यानें ओळखलें, आणि आपल्या नायिकेच्या आयुष्यांतील निर्णायक क्षण त्या गाडीवर ठेवला.

दुसरें उदाहरण शोलेम अलेखेम या यिडिश लेखकाच्या तेव्ये गवळ्याचें. या कथा १८९४ पासून येऊं लागल्या. तेव्ये आरंभीं घोडागाडीवर लांकडें वाहतो. पुढें गाय मिळते, आणि तो उन्हाळ्यांत हवापालटास आलेल्या श्रीमंतांच्या दारीं दूध, लोणी, चीज पोंचवूं लागतो. त्याच्या मुलींची लग्नें, त्याचें दारिद्र्य, त्याच्या धर्मावर येणारें संकट, सारें तोच बोलून सांगतो, आणि धर्मग्रंथांतलीं वचनें आपल्या सोयीनें वळवीत सांगतो. दारोदार जाणारा माणूस बोलका होतो. त्याला दहा घरांचें गुपित ठाऊक असतें. कादंबरीकाराला याहून चांगला निवेदक कोठें मिळणार?

आपल्या शेजारच्या हिंदींत प्रेमचंदांच्या 'गोदान'मध्यें (१९३६) होरीला गाय हवी असते. भोला नांवाच्या गवळ्याकडून ती ऐंशी रुपये उधारीनें येते, आणि भावाच्या मत्सरानें तिला विष दिलें जातें. त्या गाईचें दूध बाजारापर्यंत पोंचतच नाहीं. ती होरीच्या प्रतिष्ठेचें स्वप्न होऊन मरते. दुधाच्या बाजारावरची आपल्या देशांतली सर्वांत गाजलेली कलाकृति म्हणजे श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा १९७६ चा चित्रपट. गुजरातेंतील पांच लाख दूधउत्पादकांनीं प्रत्येकीं दोन रुपये घालून तो उभा केला, आणि त्याची पटकथा लिहिली ती आमच्या विजय तेंडुलकरांनीं. मराठी नाटककाराला दुधांतलें नाट्य दिसलें, तें गुजरातच्या भूमीवर आणि हिंदी भाषेंत! त्या चित्रपटांत जात, व्यापारी आणि सरपंच यांचा गुंता फार प्रामाणिकपणें मांडला आहे. तरीही त्यांत एक सोपी विभागणी आहे: एका बाजूला नाडणारा दुधाचा व्यापारी, दुसऱ्या बाजूला नाडलेले उत्पादक, आणि तारणारी सहकारी सोसायटी.

माझ्या विद्यार्थ्याचे वडील या विभागणींत बसत नाहींत, आणि म्हणूनच ते मला महत्त्वाचे वाटतात. ते स्वतः शेतकरी आहेत. कापूस बुडाला म्हणजे त्यांचाही बुडतो. त्याच वेळीं ते दुसऱ्यांचें दूध घेऊन विकतात, म्हणजे व्यापारी आहेत. म्हैस घेण्यासाठीं शेजाऱ्याला उचल देतात आणि ती दुधांतून वळती करून घेतात, म्हणजे थोडे सावकारही आहेत. वरच्यांना वाटतें, हा मापांत मारतो. खालच्यांना वाटतें, हा पाणी घालतो. वैशाखांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. काढलेलें दूध लवकर थंड केलें नाहीं तर कांहीं तासांत नासतें, आणि ती जोखीम बहुधा वाटेवरच्या माणसाच्या पदरांत पडते. शिवाय तो ज्या मुलुखांतून दूध गोळा करतो तेथें दुधाविषयींच्या कल्पनाही एक नाहींत. पलीकडच्या गडचिरोलींतील माडियांत गाय दोहण्याची चाल पूर्वापार नव्हती. दूध वासराचें, ही त्यांची समजूत. एका बाजूला ही समजूत आणि दुसऱ्या बाजूला हॉटेलांतला चहा, यांमधल्या वाटेवर एक मनुष्य रोज ये-जा करतो. त्याला शोषक म्हणतां येत नाहीं, शोषित म्हणून मोकळें होतां येत नाहीं. आमच्या ग्रामीण वाङ्मयाला निर्मळ बळी हवा असतो. मधला माणूस त्याला अडचणीचा होतो. पण कादंबरी ही मधल्या माणसाचीच कला आहे.

येथें पुन्हां नीरक्षीरविवेक आठवतो. दुधाची पारख करणाऱ्या लॅक्टोमीटरची एक गंमत आहे. नुसतें पाणी घातलें तर दुधाची घनता कमी होते आणि तें यंत्र चोरी पकडतें. पण आधीं साय काढून घेतली तर घनता वाढते, आणि मग बेतानें पाणी घातलें तर यंत्राचा आंकडा पुन्हां बरोबर येतो. म्हणून फॅट निराळा तपासावा लागतो. गाईच्या दुधाला साडेतीन आणि म्हशीच्या दुधाला सहा हें प्रमाण धरतात, आणि 'फॅट लागला नाहीं' हें वाक्य शेतकऱ्याच्या भावाचा निकाल लावतें. आम्हां टीकाकारांची पारख बहुशः लॅक्टोमीटरची आहे. बोली आहे, दारिद्र्य आहे, पाऊस पडत नाहीं, शेवट करुण आहे, म्हणजे घनता बरोबर भरली. त्यांतली साय, म्हणजे माणसाचा रोजचा व्यवहार, त्याची हुशारी, त्याचा हिशेब, आधींच काढून घेतला आहे कीं काय, हें आम्ही तपासीत नाहीं. आणि तपासणी अशी असली म्हणजे लेखकही त्याच बेतानें दूध घालूं लागतात.

'हें अर्थशास्त्र झालें, वाङ्मय नव्हे,' असें कोणी म्हणेल. मीं समासांत लिहिलें तें याच अर्थाचें होतें. त्यावर माझें आजचें उत्तर असें. हिशेब हा कोरडा असतो तो ज्याच्या खिशाशीं त्याचा संबंध नाहीं त्याला. त्या उत्तरपत्रिकेंत एक नोंद होती: एका घरची म्हैस आटली, तरी दोन महिने त्या घराची उचल वळती केली नाहीं. कारण लिहिलेलें नव्हतें. त्या दोन महिन्यांत त्या घरांत काय घडलें असेल, आणि हिशेबी माणसानें वहींत कोरी जागा कां सोडली असेल, हें सांगणें हें वाङ्मयाचेंच काम आहे. ती कोरी जागा दिसायला मात्र आधीं सबंध वही वाचावी लागते.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असता तर मीं इतकीं पानें खर्चिलीं नसतीं. गेलीं पंचवीस वर्षें विदर्भांतला शेतकरी म्हटला कीं वाचकाच्या डोळ्यांपुढें गळफास येतो. तें दुःख खरें आहे. त्यावर लिहिलें गेलें तें लिहायलाच हवें होतें. पण ज्या वाङ्मयांत शेतकरी केवळ मरतांना दिसतो, त्या वाङ्मयाच्या वाचकाला तो जगतो कसा हें कळत नाहीं, आणि शेतकऱ्याच्या घरांतून शिकायला आलेल्या मुलाला आपल्या बापाचें जगणें हा साहित्याचा विषय नव्हे अशी दीक्षा मिळते. ही दीक्षा मीं स्वतः एका मुलाला तांबड्या शाईनें दिली आहे.

पुढें तो भेटला तेव्हां मीं त्याला ती उत्तरपत्रिका पुन्हां मागितली. त्यानें ती ठेवली नव्हती. मीं म्हटलें, तें तिसरें पान पुन्हां लिहून आण. तो संकोचला आणि म्हणाला, "सर, ते काय लिहायचं? बाबाची वही हाये ना, तीच आणतो." दुसऱ्या आठवड्यांत त्यानें ती आणली, तेलकट पुठ्ठ्याची, दोऱ्यानें शिवलेली. मी ती सध्यां वाचीत आहें. घरांचीं नांवें, सकाळ आणि सांज असे दोन रकाने, कोठें कोठें पावसानें पुसलेले आंकडे. परीक्षण लिहितां येईल अशी ती अजून झालेली नाहीं. तिची कादंबरी करणारा कोणी लेखक त्या पहाडावरूनच उतरेल असें मला वाटतें, आणि तो उतरेल तेव्हां त्याच्या पुस्तकावर 'विषयांतर' असा शेरा पडूं नये, एवढी जबाबदारी आम्हां परीक्षकांची आहे.